तीन प्रकरणं आणि एक दमलेली डिस्क

समजा, तुम्ही एका लहानशा खोलीत बसला आहात. खोलीला खिडकी नाही. कोपऱ्यात लोखंडी कपाट, कपाटात सर्व्हर, त्याच्या पंख्याची एकसुरी घरघर. दार ढकलून कुणीतरी डोकावतं आणि म्हणतं, "आज फार स्लो चाललंय हो." एवढंच. कधीपासून, कुठे, काय करताना, याचा पत्ता नाही. दार पुन्हा लागतं. आता सांगा, तुम्ही पहिल्यांदा कुठे बघाल?

निम्मे लोक सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतील. उरलेले "मेमरी कमी पडतेय" असं ठोकून देतील. वायरताई यातलं काही करत नाहीत. त्या खुर्ची मागे सरकवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि कपाटाकडे बघून विचारतात, "काय रे बाबा, काम करून दमलायस की वाट बघून?"

वायरताई ज्या ग्रंथालयात काम करतात तिथे पुस्तकं वाचायला नाही, ऐकायला मिळतात. ज्यांना दिसत नाही, किंवा वयामुळे ज्यांची अक्षरं धूसर झाली आहेत, अशा लोकांसाठी तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतात. इमारतीचा पहिला मजला, लांब व्हरांडा आणि व्हरांड्याला लागून चार खोल्या. प्रत्येक दाराला वरच्या बाजूला काच, आत एक टेबल, एक माईक, जमिनीवर जाड गालिचा, आणि दारावर लाल दिवा. दिवा लागला की व्हरांड्यातून जाणारा माणूस चपला हातात घेतो. नवीन आलेल्याला हे कुणी शिकवत नाही. सगळे तसे चालताना बघून तोही आपोआप अनवाणी होतो.

ताई इथे एकोणिसाव्या वर्षी आल्या त्या कॅसेटच्या प्रती काढायला. त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. पोरगी चमचा धरायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकली, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या. सीडी गेल्या, सर्व्हर आला. प्रत्येक वेळी ग्रंथालयाचे साहेब म्हणाले, "आता बाहेरचा माणूस बोलवावा लागणार." प्रत्येक वेळी ताई जाडजूड मॅन्युअल घरी घेऊन गेल्या आणि आठवड्याने परत येऊन म्हणाल्या, "नको, जमतंय." त्यांच्या पर्सचा बंद तारेने बांधलेला आहे, ऑफिसच्या किल्ल्या तारेत ओवलेल्या आहेत, आणि साहेबांच्या चष्म्याची मोडलेली काडी त्यांनी तांब्याच्या तारेने अशी काही बसवली की साहेबांनी तो चष्मा पुढे चार वर्षं मिरवला. तेव्हापासून त्या वायरताई. खरं नाव आता फक्त हजेरीच्या वहीत उरलंय.

चार खोल्यांतली यंत्रंही त्यांनीच जुळवलेली, लोकांनी टाकून दिलेल्या संगणकांतून. त्या यंत्रांना स्वतःची डिस्क नाही. वाचणाऱ्याच्या तोंडून शब्द निघाला की तो तारेतून थेट कपाटातल्या सर्व्हरकडे जातो आणि तिथल्या डिस्कवर लिहिला जातो. सगळा भार त्या एका डिस्कवर. इतकी वर्षं तिने तो कुरकुर न करता वाहिला होता.

गेल्या तीन आठवड्यांपासून मात्र ती शब्द गिळायला लागली होती.

हे पहिल्यांदा पकडलं कानसेनांनी. कानसेन म्हणजे तयार झालेलं प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकून तपासणारे गृहस्थ. जन्मापासून दिसत नाही, आणि ऐकू मात्र इतकं येतं की शेजारच्या खोलीत कुणी पान उलटलं की नुसतं बोट फिरवलं, हे ते सांगतात. एका दुपारी हेडफोन गळ्यात अडकवून ते ताईंच्या दारात उभे राहिले.

"ताई, तुमच्या मशीनने आज घास घेतला."

"म्हणजे?"

"एकतिसाव्या मिनिटाला 'समुद्र' आहे, त्यातला 'मु' गेला. चौतिसाव्या मिनिटाला तर पाऊण वाक्य गेलं. दीपगृहाचा रखवालदार जिना चढायला लागतो आणि एकदम समोर बोट येते. जिना कुठे संपला, त्याचा पत्ताच नाही."

ते रेकॉर्डिंग गुरुजींचं होतं. गुरुजी म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. रोज दुपारी दोन ते चार पहिल्या खोलीत बसून वाचतात. अकरा महिन्यांपासून ते इतर पुस्तकांच्या जोडीने एक जाडजूड कादंबरी वाचत होते, एका दीपगृहाच्या रखवालदाराची. सत्तावीस प्रकरणं, त्यातली चोवीस झालेली. पंचविसावं प्रकरण त्यांनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मशीनने ते कुरतडलं.

हे वाट बघण्यावर सोडता आलं असतं. पण एका सोमवारी गुरुजी नेहमीपेक्षा लवकर आले आणि दवाखान्याचा कागद ताईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पुढच्या सोमवारी गळ्याचं ऑपरेशन. लहानशी गाठ आहे. साधीच आहे म्हणतात, घाबरायचं कारण नाही. पण नंतर आवाज हाच राहील याची खात्री डॉक्टर देत नाहीत."

ताईंनी कागद उचलून दोनदा वाचला.

"अहो, तोंड काय पाडताय? चाळीस वर्षं वर्गात ओरडलोय. आता गळ्याने सुट्टी मागितली तर त्याचं काय चुकलं? फक्त रखवालदाराला वाऱ्यावर सोडून जायचं नाहीये. तीन प्रकरणं आहेत. तुमचा पेशंट तेवढा बरा करा."

रखवालदाराची काळजी करणारं आणखी एक माणूस होतं. फोनवाल्या आजी. एकट्याच राहतात, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, आणि प्रकरण तयार झालं की त्याच दिवशी ऐकतात. पंचविसाव्याची कुरतडलेली प्रतही त्यांनी हट्टाने ऐकली होती, आणि गेले तीन आठवडे त्या रोज अकराच्या ठोक्याला ताईंना फोन करत होत्या.

"काय गं, त्या बिचाऱ्याला तुम्ही जिन्यावर उभं करून ठेवलंय. पाय दुखत असतील की त्याचे."

"आजी, मशीन बिघडलंय. आणि समजा, शेवटची दोन-तीन प्रकरणं दुसऱ्या कुणी वाचली तर चालेल का?"



"दुसऱ्या आवाजात? अगं, मध्येच नवरा बदलल्यासारखं व्हायचं ते!"

साहेबांनी आपल्या परीने तोडगे काढले. साहेब माणूस भला, फक्त कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे दोनच औषधं असतात. "नवीन सर्व्हर मागवू. सहा आठवड्यांत येईल."

"साहेब, सोमवार सहा दिवसांवर आलाय."

"मग मोबाइलवर करा की रेकॉर्ड."

ते करून पाहिलं. कानसेनांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. "विहिरीत तोंड घालून वाचल्यासारखं येतंय. चोवीस प्रकरणं घरात आणि तीन विहिरीत, कसं दिसेल ते?"

तेव्हा मंगळवारी दुपारी वायरताईंनी दार लावून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सर्व्हरला त्यांचा तो नेहमीचा प्रश्न विचारला.

प्रश्न गमतीचा वाटतो, पण आहे नेमका. सर्व्हर मंद होतो तेव्हा दोन शक्यता असतात. एक, खरंच काम जास्त झालंय. दोन, काम करणारे हात रिकामे आहेत, पण त्यांना हवी ती वस्तू कुठूनतरी येत नाहीये. ताईंनी पडद्यावर आकडे आणले. प्रोसेसर जवळजवळ निवांत बसलेला. मेमरी निम्मी मोकळी. आणि तरी दहा-बारा कामं रांगेत ताटकळत उभी. पडद्यावर एक रकाना असतो, प्रोसेसरचा किती वेळ नुसता डिस्कच्या उत्तराची वाट बघण्यात गेला ते दाखवणारा. एरवी तिथे शून्य किंवा एक असतो. त्या दुपारी तिथे ब्याऐंशी होता.

"म्हणजे वाट बघून," ताई म्हणाल्या.

मग डिस्कचे आकडे. काही लिहायला दिलं तर पाच-दहा मिलिसेकंदांत "झालं" म्हणणारी ती डिस्क आता एका उत्तराला नऊशे मिलिसेकंद घेत होती. जवळजवळ एक सेकंद. तुम्हीआम्ही एका सेकंदाला काही समजत नाही, पण माईकमधून शब्द धो धो येत असतात तेव्हा एका सेकंदात 'समुद्रा'तला 'मु' सहज वाहून जातो.

डिस्क आजारी आहे का? ताईंनी तिची तपासणी केली. एकही खराब जागा नाही, सगळे अहवाल स्वच्छ. ठणठणीत डिस्क, आणि वागणं मात्र धापा टाकल्यासारखं. म्हणजे तिला कुणीतरी पळवतंय.

पहिला संशय बॅकअपवर गेला. तो दुपारी अडीचला चालायचा. ताईंनी तो पहाटेवर ढकलला आणि बुधवारी मोठ्या आशेने बसल्या. पावणेतीनला पुन्हा शब्द गळायला लागले. दुसरा संशय व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामवर. तो थांबवून पाहिला. ढिम्म फरक नाही. गुरुजींचं पंचविसावं प्रकरण चौथ्यांदा वाया गेलं. ते खोलीतून बाहेर आले, पाण्याचा घोट घेतला आणि एवढंच म्हणाले, "वर्गातही एक धडा इतक्यांदा शिकवला नव्हता मी." हसले, पण हसताना आवाज किंचित घोगरा लागला. ताईंनी तो ऐकला. कानसेनांनी तर ऐकलाच.

त्या संध्याकाळी निघायच्या आधी ताईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. सकाळी चारही खोल्या भरलेल्या असताना सगळं सुरळीत असतं. त्रास फक्त दोन ते चार. आणि प्रकरणाची पहिली दहा मिनिटं छान जातात, मग जसजसं पुढे जावं तसतसं बिघडत जातं. साहेबांनी खांद्यावरून वाकून वाचलं. "दोन ते चार म्हणजे गुरुजी. सर्व्हरला गुरुजींची ॲलर्जी आहे की काय?"

"भूगोलाच्या तासाला पोरंही दहा मिनिटांनीच पेंगायची," गुरुजी व्हरांड्यातून म्हणाले. "यंत्राला कशाला नावं ठेवता?"

सगळे हसले. ताईही हसल्या. पण घरी जाताना ती दुसरी ओळ त्यांच्या डोक्यातून हलेना. पुढे जावं तसतसं बिघडतं. असं का?

ताईंच्या घरी माणसं चार: सासूबाई, नवरा, कॉलेजला जाणारी मुलगी आणि त्या. न्हाणीघर एक. सकाळी साडेसातला दारासमोर रांग असते. त्या गुरुवारी ताई टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभ्या होत्या आणि सासूबाईंना समजावून सांगत होत्या, "हे बघा आई, आपण तिघी तयार आहोत. कामाला हात आहेत, पाय आहेत, काही अडलेलं नाही. पण दार एकच. आपल्या घरचं हे जे होतं ना, तेच सर्व्हरचं झालंय. मी काल दिवसभर मोजलं, रांग केवढी आहे, किती वेळ उभं राहावं लागतं..."

"रांग काय मोजत बसलीस?" सासूबाई म्हणाल्या. "आत कोण आहे ते विचार की आधी!"

आत नवरा होता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणारा हा शांत माणूस न्हाणीघरात मात्र गातो. मुलीने दार वाजवलं, "बाबा, आवरा!" गाणं थांबलं, "आलो आलो" झालं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झालं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "दर वेळी पहिल्यापासून. असा माणूस बाहेर येतोय कशाला!"

ताईंनी दाराकडे एकदा पाहिलं. मग टॉवेल सासूबाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्ही जा आधी."

दुपारी दोनला गुरुजींनी वाचायला सुरुवात केली आणि ताईंनी या वेळी रांगेकडे पाहिलंच नाही. डिस्कवर कोण लिहितंय, एवढंच शोधलं. उत्तर लगेच आलं: पहिल्या खोलीचा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम. त्यात नवल नव्हतं, तिथे गुरुजी वाचत होते. नवल होतं ते तो किती लिहितोय याचं. बोलणाऱ्या माणसाचा आवाज म्हणजे मिनिटाला जेमतेम आठ-नऊ एमबी. हा प्रोग्राम एका मिनिटात हजारो एमबी लिहायला बघत होता. ताईंनी आणखी आत पाहिलं. तो नवीन काही लिहीत नव्हता. एकच फाइल, गुरुजींचं चालू प्रकरण, पहिल्या शब्दापासून पुन्हा, मग पुन्हा पहिल्या शब्दापासून, मग पुन्हा.

"दर वेळी पहिल्यापासून," ताई पुटपुटल्या, आणि त्यांची कानशिलं गरम झाली. कारण असं कोण करतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनीच ते बनवलं होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी वाचन चालू असताना वीज गेली आणि एका बाईंचं चाळीस मिनिटांचं वाचन हवेत विरून गेलं. त्या बाई नुसत्या पुस्तक मिटून बसल्या. ताईंना ते फार लागलं. आपल्या इथे पुन्हा कुणाचा शब्द हरवणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सासूबाईंच्या बंद पडलेल्या शिलाई मशीनचं पायाचं पेडल आणलं, तशीच आणखी तीन जुन्या सामानातून मिळवली, आणि प्रत्येक टेबलाखाली एकेक बसवलं. पान संपलं की वाचणाऱ्याने पायाने पेडल दाबायचं. कीबोर्डची खटखट नको. पेडल दाबलं की तोवरचं अख्खं प्रकरण पहिल्या शब्दापासून डिस्कवर नव्याने लिहिलं जाणार, आणि ते खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय प्रोग्राम "झालं" म्हणणार नाही. इतकी काळजी. पानाला एकदा दाबलं तर डिस्कला काहीच नाही.

ताईंनी पेडलची नोंद उघडली. बुधवारच्या प्रकरणात पानं होती बावीस. पेडल दाबलं होतं अकराशे चाळीस वेळा.

"अकराशे चाळीस!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की लाल दिव्याचं भान आल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. बॅकअपवर संशय घेतला, व्हायरसवर घेतला, डिस्कची तब्येत तपासली. आपल्या हाताने बसवलेल्या पेडलकडे मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. घरच्या माणसावर कोण संशय घेतं?

पण दाबतंय कोण? ताई चपला हातात घेऊन पहिल्या खोलीपाशी गेल्या. काचेतून गुरुजी छातीपर्यंत दिसत होते. दोन्ही हात पुस्तकावर. चेहरा रखवालदारात बुडालेला. व्हरांड्यात कानसेन भिंतीला टेकून उभे होते.

"कानसेन," ताई कुजबुजल्या, "पेडल अडकलं असेल का हो? सेकंदा-दोन सेकंदाला दाबलं जातंय."

"सेकंदा-दोन सेकंदाला?" कानसेनांनी मान तिरकी केली. "म्हणजे तो ठोका होय?"

"कुठला ठोका?"

"गुरुजींच्या रेकॉर्डिंगमध्ये येतो ना. अगदी बारीक. गालिच्याखालून आल्यासारखा. धप, धप. तीन आठवडे ऐकतोय."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना येतोय ऐकू. आणि खरं सांगू का, छान वाटतो तो. ठेक्यात असतो."

आता ताईंना राहवेना. लाल दिवा लागलेला असताना दार उघडायचं नाही, हा नियमही त्यांनीच केलेला. तो त्यांनी मोडला. दार वीतभर उघडलं, गुडघ्यांवर बसल्या, मग हातांवर, आणि डोकं आत घालून टेबलाखाली पाहिलं.

गुरुजींचा उजवा पाय ताल धरत होता. वाक्याच्या चढावर हलका, उतारावर जड, संवाद आला की पटापट. आणि बरोबर त्याच्या पंज्याखाली सासूबाईंचं पेडल.

गुरुजींनी पानावरून नजर उचलली तेव्हा त्यांना दारातून आत आलेलं वायरताईंचं डोकं दिसलं, जमिनीपासून हातभर उंचीवर. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पोरांना बाकाखालून बरंच काही करताना पाहिलं होतं. त्यांनी शांतपणे वाक्य पुरं केलं, पुस्तकात बोट ठेवलं आणि विचारलं, "काय हरवलंय?"

उलगडा मग दोन मिनिटांत झाला. आधी गुरुजी त्या खोलीतल्या रुंद लाकडी खुर्चीवर मांडी घालून बसायचे आणि पान संपलं की पाय खाली सोडून पेडल दाबायचे. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा गुडघा धरला. साहेबांनी प्रेमाने स्वतःच्या केबिनमधली उंच पाठीची खुर्ची आणून दिली. पाय जमिनीवर आले. आणि पाय जमिनीवर आले की वाचताना गुरुजींचा पाय ठेका धरतो, हे खुद्द गुरुजींनाही माहीत नव्हतं.

"वर्गात उभा राहून शिकवायचो," ते म्हणाले. "तेव्हाही हलत असणार. पण तिथे पोरांचे शंभर-सव्वाशे पाय असायचे, माझा एक कोण मोजतोय?"

प्रकरण सुरू होतं तेव्हा फाइल लहान असते; कितीदा लिहिली तरी डिस्क निभावून नेते. पुढे सरकावं तशी ती फुगत जाते, आणि प्रत्येक ठोक्याला अख्खी पहिल्यापासून लिहायची म्हटल्यावर डिस्क बिचारी गुडघे टेकते. वहीतली दुसरी ओळ सुटली. कुणाचा शब्द हरवू नये म्हणून ताईंनी जे केलं होतं, तेच शब्द खात होतं. ताईंनी हे गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की गुरुजीच त्यांची समजूत काढायला लागले.

"अहो, चूक सापडलीय ना? मग झालं तर. मी पाय बांधून ठेवतो."

आणि खरंच त्यांनी पाय खुर्चीच्या दांडीला अडकवून पंचविसावं प्रकरण वाचायला घेतलं. एकही शब्द गळला नाही. सर्व्हर खूश, साहेब खूश. कानसेनांनी पाच मिनिटं ऐकलं आणि मान हलवली.

"हे गुरुजी नाहीत."

"म्हणजे?"

"हे त्यांचे धाकटे भाऊ असावेत. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचून दाखवतायत."

गुरुजींनी स्वतः ऐकलं आणि मान्य केलं. पाय थांबला की वाक्य लंगडतं. मग काय करायचं? साहेब म्हणाले, पेडल काढून टाका. ते सोपं होतं. पण त्या शुक्रवारी सकाळपासून वीज दोनदा जाऊन आली होती, आणि सोमवारच्या आधी उरला होता तो एक शनिवार. गुरुजींची शेवटची प्रकरणं विजेच्या भरवशावर सोडायला ताई तयार नव्हत्या.

त्यांनी शुक्रवारचा दिवस घेतला. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला आणि दोन वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेला तो भाग खोडून नव्याने लिहिला. आता पेडल दाबलं की आधीचं सगळं जिथल्या तिथे राहणार. मागच्या ठोक्यानंतर जेवढं नवीन बोललं गेलं तेवढंच शेवटी जोडलं जाणार. भिंत वाढवायची म्हणजे वरची वीट लावायची. दर विटेला पायापासून बांधत बसायचं नाही. हे त्या वेळी का सुचलं नाही, म्हणून ताईंनी स्वतःला दोन शेलक्या शिव्या दिल्या. मग खात्री करायला पहिल्या खोलीत जाऊन बसल्या. वाचायला हाताशी काही नव्हतं, म्हणून भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याच्या सूचना त्यांनी पाऊण तास वाचल्या, त्याच त्याच, दोन्ही पायांनी पेडल बडवत. मध्येच त्यांनी सर्व्हरचं बटण मुद्दाम बंद केलं. पुन्हा चालू केल्यावर पाहिलं, तर शेवटच्या ठोक्यापर्यंतचा शब्द न् शब्द जागेवर. डिस्कचं उत्तर नऊशेवरून सहा मिलिसेकंदांवर आलेलं.

"आगीचं वाचन कसं वाटलं?" त्यांनी कानसेनांना विचारलं.

"थोडं उतावीळ आहे. पण नळकांडं वाचेल."

शनिवारी गुरुजी सकाळी नऊलाच आले. कोमट पाण्याचा थर्मास, गळ्याला मफलर. ताईंनी पेडल हलवलं नव्हतं. पाय ते शोधत बसायला नको. "गुरुजी, आज पाय मोकळा सोडा. हवा तेवढा नाचू द्या."

पंचविसावं प्रकरण जेवणाच्या आधी झालं. सव्विसावं तीनच्या सुमारास. सत्ताविसावं सुरू झालं तेव्हा व्हरांड्यात साहेब होते, कानसेन होते, दुसऱ्या खोलीतल्या वाचणाऱ्या बाई होत्या, सगळे अनवाणी, सगळे गप्प. ताई मात्र आपल्या खोलीत पडद्यासमोर बसून होत्या. वाट बघण्याच्या रकान्यात शून्य. शून्य. एक. शून्य. पाच वाजून वीस मिनिटांनी लाल दिवा विझला.

आजींना प्रकरणं रविवारी मिळाली. सोमवारी अकराच्या ठोक्याला फोन आला.

"उतरला गं बाई जिन्यावरून!"

"पाय दुखले का त्याचे?"

"दुखले असतील, पण बोलला नाही. आणि काय गं, ते वाचताना मागे कुणी हळूच थोपटत होतं का? मला आपलं तसं वाटलं. निजवताना थोपटतात ना, तसं."

त्याच वेळी गुरुजी दवाखान्यात होते. ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. तीन आठवडे अवाक्षरही बोलायचं नाही, आणि मग आवाज येईल, जरा जाडसर येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गुरुजींनी पाटी मागवून घेतली आणि तिच्यावर लिहिलं, "जाडसर चालेल. पुढचं पुस्तक पैलवानाचं निवडू."

गोष्ट खरं तर इथे संपायला हवी. पण वायरताईंना एक खोड आहे. काम झालं तरी आकडे टाकून देववत नाहीत. शनिवारी पेडल दाबल्याच्या सगळ्या वेळा नोंदीत होत्याच. एका निवांत दुपारी त्यांनी त्यांचा आलेख काढला आणि शेजारी पुस्तक उघडून बसल्या. बघतात तर आलेखात अख्खी कादंबरी दिसत होती. वादळ आलं तिथे ठोक्यांचं जंगल. रखवालदार आणि त्याची बहीण भांडतात तिथे खटाखट. तो पत्र वाचतो तिथे संथ, एकेक. कानसेनांचं बोट धरून त्यांनी आलेख टेबलावर गिरवून दाखवला. ते म्हणाले, "मग! मी काय सांगत होतो?"

फक्त एका जागी आलेख कोरा होता. सव्विसाव्या प्रकरणात, नऊ मिनिटं. एकही ठोका नाही. ताईंना आधी वाटलं, पेडल बिघडलं. पण त्याआधी ठोके होते आणि नंतरही होते. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. आवाज नेहमीचाच, उलट इतर ठिकाणांहून मऊ. वाक्यं कुठेही लंगडत नव्हती. पुस्तकात ते पान काढलं. तिथे काही म्हणजे काही घडत नाही. रखवालदार उपडी घातलेली एक जुनी नाव निळ्या रंगाने रंगवतो. नऊ मिनिटं तो तेवढंच करतो.

गुरुजींना भेटायला गेल्या तेव्हा ताईंनी तो कागद नेला. ती मोकळी जागा बोटाने दाखवली. "गुरुजी, इथे पाय का थांबला हो?"

गुरुजींनी कागद बराच वेळ पाहिला. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "रंग ओला असताना पाय हलवू नये." ताई खळखळून हसल्या. गुरुजीही हसले, बिनआवाजाचे, खांदे हलवत. मग त्यांनी बाहीने पाटी पुसली, पण कागद परत दिला नाही. घडी घालून उशीखाली ठेवला.

तेव्हापासून ताई दिवस मोजतायत. सर्व्हरची आता काही तक्रार नाही. वाट बघण्याच्या रकान्यात शून्य असतो. गुरुजींचा आवाज यायला आणखी अकरा दिवस आहेत. तो आला की पहिल्यांदा काय विचारायचं, ते ताईंनी ठरवून ठेवलंय: गुरुजी, कुणाची होती ती निळी नाव?